शिक्क्याआधी कागद वाचा!

मैत्रिणींनो, 'परदेशाचे कागद' म्हटलं की पूर्वी आपल्याला पुण्या-मुंबईची माणसं आठवायची. आता तसं राहिलेलं नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडे माण आणि खटाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी कधीच देशभर पोहोचली. त्यांची पुढची पिढी आता दुबईपर्यंत गेली आहे. मिरज तर डॉ. वानलेस यांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव. तिथे शिकलेल्या नर्स मुली आखाती देशांत नोकरी धरतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडात आहेत. म्हणजे कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात दोन-चार घरं सोडली की एक घर असं निघतंच, ज्यातलं कुणीतरी 'तिकडे' आहे.

माणूस तिकडे गेला की त्याच्यामागून कागद जातात. आणि हे कागद गोळा करत फिरायचं काम बहुतेक वेळा मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला येतं.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आणि संसाराला लागले. मुलं मोठी झाल्यावर महिला मंडळाच्या कामात पडले. मी वकील नाही. पण गेली पंधरा-सोळा वर्षं या दोन जिल्ह्यांतल्या बायकांबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते आहे. त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी घेऊन एखादी दारात उभी राहिली की तिला कुठे अडलं असेल याचा अंदाज येतो. त्या अनुभवातून आज थोडं सांगायचं आहे.

ओळखीची साखळी

विट्याजवळच्या एका गावातली ही मुलगी. वय चोवीस, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. नवरा दुबईत. त्याने बायको-मुलाला बोलावून घ्यायची सगळी तयारी केलेली, खोलीही घेतलेली. तिकडच्या कार्यालयाने लग्नाचा दाखला मागितला. हिने ग्रामपंचायतीचा दाखला फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, 'असा चालत नाही, अटेस्टेड पाहिजे.' ती मला म्हणाली, "ताई, दाखल्यावर गोल शिक्का आहे, सही आहे, मग आणखी काय पाहिजे त्यांना?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. हे नीट समजून घेऊ या.

आपण मुलीसाठी लांबचं स्थळ बघतो तेव्हा काय करतो? त्या गावात ओळखीचं कोण आहे ते शोधतो. 'त्या घराला मी ओळखतो' असं म्हणणारा माणूस भेटला, आणि त्या माणसाला आपला कुणी पाहुणा ओळखत असला, की आपला जीव भांड्यात पडतो. कागदांचं अगदी तसंच असतं. आपल्या गावच्या ग्रामसेवकाची (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सही दुबईतल्या साहेबाला कशी ओळखता येणार? म्हणून ओळखीची साखळी जोडावी लागते.

पहिली कडी राज्य सरकारची. जन्माचा, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र असे घरगुती कागद राज्याचा गृह किंवा सामान्य प्रशासन विभाग तपासून साक्षांकित करतो. पदवी, मार्कलिस्ट असे शिक्षणाचे कागद राज्याच्या शिक्षण खात्याकडून होतात. दुसरी कडी दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाची. राज्याच्या अधिकाऱ्याची सही त्यांच्याकडे नमुन्यादाखल असते, ती ते ताडून बघतात. तिसरी कडी ज्या देशात जायचं त्या देशाच्या वकिलातीची किंवा कॉन्सुलेटची. संयुक्त अरब अमिरातीची वकिलात दिल्लीत आहे आणि कॉन्सुलेट मुंबईत. ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सही ओळखतात. आणि शेवटची कडी, कागद दुबईत पोहोचला की तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. एवढं झालं की गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला तिथल्या कचेरीत ग्राह्य धरतात.

दिल्लीचं ऐकून घाबरू नका. परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ पासून हे काम देशातल्या पंधराएक शहरांत वाटून दिलं आहे. त्यात आपली मुंबई आहे, शेजारचं पणजीही आहे. मात्र मंत्रालय थेट आपल्या हातून कागद घेत नाही. त्यांनी नेमून दिलेल्या संस्था आहेत, त्यांच्यामार्फतच द्यावे लागतात. कोणत्या संस्था नेमल्या आहेत ती यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देईल.

एका शिक्क्याची सोय

ही लांबलचक साखळी सगळ्याच देशांसाठी लागत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात ठरलं की सदस्य देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदांवर एकच ठरावीक शिक्का मान्य करायचा, मग वकिलातीत जायचं कारण नाही. या शिक्क्याला म्हणतात 'अपॉस्टिल'. शब्द फ्रेंच आहे. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आज सव्वाशेहून जास्त देश त्यात आहेत. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आहेत. आखातातले ओमान, बहारीन आहेत. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून आला, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून. पण संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार हे देश अजून त्यात नाहीत. त्यामुळे दुबई, अबुधाबीसाठी कॉन्सुलेटची पायरी चुकत नाही. जर्मनीची गोष्ट आणखी निराळी. तो देश करारात आहे, पण भारताच्या सहभागाला त्याने हरकत घेतलेली असल्याने आपलं अपॉस्टिल तिथे चालत नाही. भारतीय कागद ते आपल्या पद्धतीने तपासून घेतात.

म्हणून पहिला प्रश्न 'एजंट कोण?' हा विचारू नका, 'देश कोणता?' हा विचारा. शेजारणीच्या मुलाने कॅनडासाठी जे केलं ते आपल्या लेकीला कुवेतसाठी लागू पडेलच असं नाही. आणि शेजारणीने दहा वर्षांपूर्वी केलेलं तर आज त्याच देशालाही लागू नसेल.

आपल्याकडे अपॉस्टिल कागदाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. त्यावर क्रमांक असतो, त्यावरून तो खरा की खोटा हे तपासता येतं. परराष्ट्र मंत्रालयाची त्याची फी कागदाला पन्नास रुपये. नेमलेल्या संस्थेचे सेवेचे पैसे वेगळे. हे आकडे अशासाठी सांगते की एका बाईकडून तीन कागदांचे एका मध्यस्थाने चाळीस हजार घेतले होते, आणि 'सरकारी फीच तेवढी आहे' असं सांगितलं होतं! धावपळीचा, प्रवासाचा मोबदला कुणी मागितला तर त्यात वावगं नाही. पण सरकारी फी किती आणि माझी मजुरी किती, हे त्याने वेगवेगळं लिहून द्यायला हवं.

आता सर्वात महत्त्वाचं. हा शिक्का नेमकं काय सांगतो? तो एवढंच सांगतो की या कागदावरची सही खरी आहे, आणि सही करणारा माणूस त्या पदावर होता. कागदात लिहिलेला मजकूर खरा की खोटा, बरोबर की चूक, तुमच्या भल्याचा की नुकसानीचा, याबद्दल शिक्का एक अक्षर बोलत नाही. चुकीचं नाव असलेल्या दाखल्यावरही तो तितक्याच दिमाखात बसतो. म्हणून मी बायकांना एकच सांगत असते, शिक्क्याआधी कागद वाचा.

नाव कुठलं लिहू?

विट्याच्या त्या मुलीचं घोडं इथेच अडलं. तिच्या दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव. पासपोर्ट लग्नाआधी काढलेला, त्यावरही माहेरचंच. लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, ते हौसेने लग्नाच्या दाखल्यात घातलं. बाळाच्या जन्मदाखल्यात आई म्हणून तिचं घरातलं हाकेचं नाव, कारण दवाखान्यात नाव सांगायला सासूबाई गेल्या होत्या. एक मुलगी, तीन कागद, तीन नावं! परक्या देशातला कारकून कागद समोर ठेवून म्हणणार, या तीन बायका आहेत, यातली बायको कोण आणि आई कोण?

त्यात भर म्हणजे दाखला कायम टिकावा म्हणून तिने लॅमिनेट करून घेतला होता. आपल्याकडे ही फार हौस असते. पण लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारायचा कसा आणि चिकटवायचा कुठे? मग नवी प्रत काढा. जन्म, लग्न, शाळा यांचे मूळ दाखले कधीही लॅमिनेट करू नका, साध्या फाईलीत ठेवा.

हे सगळं निस्तरायला सात महिने गेले. आधी लग्नाच्या नोंदीत दुरुस्ती, मग बाळाच्या जन्मनोंदीत आईच्या नावाची दुरुस्ती, मग नवे दाखले, आणि मग कुठे साखळीची पहिली कडी. त्या सात महिन्यांत बाळ चालायला लागलं. त्याची पहिली पावलं बापाने फोनवर बघितली.

कुणी म्हणेल, नावात काय एवढं? साताऱ्याच्या बायकांनी तरी असं म्हणू नये. मुलगी नको होती म्हणून जिचं नावच 'नकुसा' ठेवलं अशा मुली आपल्या जिल्ह्यात होत्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेतला आणि अशा २८५ मुलींना नवी नावं मिळाली. फार चांगलं काम झालं. त्यातल्या बऱ्याच जणी आता नोकरीच्या, लग्नाच्या वयाच्या आहेत. पण तोंडी मिळालेलं नवं नाव शाळेच्या रजिस्टरात, जन्माच्या नोंदीत, आधारवर, सगळीकडे उतरलं तरच ते खरं. एका कागदावर जरी जुनं नाव राहिलं तरी पासपोर्टच्या वेळी ते पुन्हा वर येतं. तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल तर तिचे कागद एकदा बघायला सांगा.

नावाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्नानंतरही चालतो. परदेशी जायची शक्यता असेल तर खरं म्हणजे एकच नाव सगळीकडे ठेवणं सर्वात सोपं. सासरचं नाव लावायची हौस असेल तर जरूर लावा, पण मग अर्धवट नको, सगळीकडे लावा. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, ते प्रसिद्ध करून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. 'दोन्ही नावांची बाई एकच' असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चालत नाही. गॅझेट जास्त भरवशाचं. इंग्रजी स्पेलिंगही तपासा. एकीकडे एक 'ए', दुसरीकडे दोन, यावरूनही कागद परत येतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्यात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. म्हणजे आईचं नाव दवाखान्यातच बिनचूक सांगणं आता आणखीच गरजेचं झालं आहे.

पत्रिका म्हणजे दाखला नव्हे

आजही कितीतरी घरांत लग्नाची नोंदच केलेली नसते. 'पत्रिका आहे, अल्बम आहे, सगळा गाव जेवला, आणखी काय पुरावा हवा?' असं म्हणतात. गावाला पुरेल, पण कॉन्सुलेटला नाही पुरत. विवाह नोंदणीचा आपल्या राज्याचा कायदा १९९८ सालचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सगळ्या लग्नांची नोंद झाली पाहिजे असं सांगितलं. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत करायची असते. राहून गेली असेल तर नंतरही होते, थोडा दंड पडतो.

आणि हे फक्त परदेशी जाण्यासाठीच नव्हे. परदेशातल्या मुलाशी लग्न झालं, महिनाभर राहून तो गेला आणि नंतर फोन उचलेनासा झाला, अशा मुलींच्या कहाण्या आपण ऐकतो. त्या वेळी पोलिसात, कोर्टात उभं राहायचं तर हातात पहिला कागद लागतो तो लग्नाचा दाखला. म्हणून मुलीच्या आईला मी सांगते, बाई गं, मानपानाची यादी करताना पहिल्या ओळीत 'लग्नाची नोंद' लिही. जावई विमानात बसायच्या आधी दाखला मुलीच्या हातात पाहिजे. त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रतही घेऊन ठेव. त्यात अविश्वास नाही, व्यवहार आहे.

तिकडून इकडे येणारा कागद

आतापर्यंत आपण इकडून तिकडे जाणाऱ्या कागदांचं बघितलं. पण उलटा प्रवासही असतो, आणि बायकांच्या दृष्टीने तो जास्त नाजूक आहे. तो म्हणजे परदेशातल्या लेकीकडून मागवलेलं कुलमुखत्यारपत्र.

पलूस तालुक्यातल्या एका आईची गोष्ट सांगते. नवरा वारला. घर, थोडं बागायत शेत. दोन मुलगे गावात, मुलगी ऑस्ट्रेलियात. दिवसकार्य आटोपल्यावर मुलांनी बहिणीला एक मसुदा पाठवला. 'वारस नोंद करायची आहे, त्यासाठी तुझं कुलमुखत्यारपत्र लागतं. भारताच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही कर आणि पाठव.' मुलीने आईला फोन केला, "आई, दहा पानं इंग्रजी आहे. करू का सही?" आई तो मसुदा घेऊन माझ्याकडे आली. मी आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा काढून सांगितलं, वारस नोंदीसाठी असलं काही लागतच नाही. वारसांपैकी कुणीही तलाठ्याकडे अर्ज करू शकतो, आणि त्यात लेकीचं नाव घालावंच लागतं. या मसुद्यात तर विकायचा, गहाण टाकायचा आणि हक्कसोड करायचा, सगळाच अधिकार भावाला दिलेला होता.

भाऊ फार वाईट होते असं मी म्हणणार नाही. 'ती तिकडे सुखात आहे, तिला काय कमी?' एवढाच त्यांचा विचार. पण विचारून घेणं आणि न सांगता सही घेणं यात फरक आहे की नाही?

इथे कॉन्सुलेटचं काम नेमकं काय, ते समजून घ्या. आपल्या परदेशातल्या वकिलातींना आणि कॉन्सुलेटना १९४८ च्या कायद्याने नोटरीसारखे अधिकार आहेत. तिथला अधिकारी पासपोर्ट बघतो, सही करणारी बाई हीच याची खात्री करतो आणि शिक्का देतो. 'ताई, यात तुमचा हक्क जातोय, कळतंय ना?' असं तो विचारायला बसलेला नाही. ते त्याचं कामच नाही. आणि एकदा असा शिक्का बसला की इकडची कोर्टं, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, सगळे तो कागद रीतसर केलेला असं धरून चालतात. मागाहून 'मला माहीत नव्हतं' म्हणणं फार जड जातं. ऑस्ट्रेलिया, अमेरिकेसारख्या देशांत तिथल्या नोटरीसमोर सही करून अपॉस्टिल लावायचीही वाट आहे. तिथेही गोष्ट तीच, शिक्का सहीचा, मजकूर तुमचा.

लेकीचा हक्क काय, हे तर आता शंभर टक्के स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या हिंदू वारसा कायद्यात तो आला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आता मिळालेला हक्क ठेवायचा की भावाला सोडायचा, हे तिने ठरवावं. सोडला तर राजीखुशीने, समजून सोडावा. पण कागद न वाचता तो गेला असं होऊ नये.

पलूसच्या त्या मुलीने काय केलं? तो मसुदा सही न करता परत पाठवला. वारस नोंदीत आई आणि भावांबरोबर तिचंही नाव लागलं. वर्षभराने तिने स्वतः ठरवून घरातला आपला वाटा आईच्या नावे सोडला, शेतातला ठेवला. त्यासाठी मामाला कुलमुखत्यारपत्र दिलं, तेही फक्त त्या एका कामापुरतं. पहिल्या भाऊबीजेला थोरल्या भावाचा फोन आला नाही. दुसऱ्या वर्षी आला. आई आज त्या घरात स्वतःच्या नावावर राहते. मला विचाराल तर कॉन्सुलेटच्या शिक्क्याचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

पिशवीत काय असावं

शेवटी थोडं हिशेबाचं सांगते, कात्रण काढून ठेवा.

कुलमुखत्यारपत्र शक्यतो 'खास', म्हणजे ठरावीक कामापुरतं द्या. गावाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, कोणतं काम, कुणाला, किती दिवसांसाठी, हे सगळं त्यात यावं. काम झाल्यावर ते रद्द झालं असंही लिहावं. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन विकत घेतल्याने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं आहे. म्हणजे घेणाऱ्यांनीही जपून राहावं.

परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पोस्टाचं पाकीट, कुरिअरची पावती फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. कितीतरी जणी कागद आला म्हणून कपाटात ठेवतात आणि सहा महिन्यांनी बाहेर काढतात.

मूळ कागद कुणाच्याही हातात देताना आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, फोनमध्ये फोटो ठेवा, आणि दिलेल्या कागदांची यादी लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. मराठी दाखल्यांची इंग्रजी प्रत जिथून मिळत असेल तिथून तीच आधी मागा. नाहीतर भाषांतराची एक पायरी वाढते.

घरात पोरगी पासपोर्टच्या वयाची असेल तर तिचे सगळे कागद एकदा ओळीने मांडा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, दहावीची मार्कलिस्ट. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकमेकांशी जुळते का बघा. जुळत नसेल तर आजच दुरुस्तीला लागा. ती दुरुस्ती आपल्याच गावात, आपल्याच शाळेत होते, बसच्या तिकिटाच्या पैशात होते. तीच व्हिसा आल्यावर करायची म्हटली की महिने जातात आणि माणसं ताटातूट होऊन बसतात.

मैत्रिणींनो, आपल्या आया-आज्यांच्या ट्रंकेत लुगडी असायची, दागिने असायचे. कागद मात्र घरातल्या पुरुषाच्या कपाटात. त्या काळी ते चाललंही असेल. आता तुमचा दाखला, तुमचा पासपोर्ट, तुमचं मार्कलिस्ट, तुमच्या नावाचा सात-बारा तुमच्या ट्रंकेत पाहिजे, आणि त्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता आलं पाहिजे. इंग्रजी येत नसेल तर लेकीकडून, सुनेकडून, शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्या. त्यात कसली लाज? सही मात्र कागद कळल्याशिवाय करू नका. तो कागद दुबईला जाणारा असो नाहीतर पलूसला येणारा!